बायकांकडचा शेवट

मेहताब टॉकीजचं हॉटेल झालं तेव्हा जुन्या नोकरांपैकी सिद्धोधन एकटाच उरला होता. मालक गेले, मॅनेजर गेला, गेटवर तिकिटं फाडणारे दोघेही गेले. मागच्या भादव्यात धम्मशीला गेली. ती त्याची बायको, आणि टॉकीजमध्ये जनान्याची डोअरकीपर. म्हणून हॉटेलचा नवा मालक परमेश्वर एक दिवस त्याच्या घरी आला.

"काका, चला. बिल्डिंगचा इतिहास लिहायचाय. दर्शनी भिंतीवर मोठा बोर्ड लावायलोय. सांगणारं तुमच्याबिगर कुणी राह्यलं न्हाई."

सिद्धोधननं चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं. कुलूप लावताना त्याला दर वेळी नव्यानं कळायचं की आत कुणी नाही.

परमेश्वर मूळचा देवगाव फाट्याकडचा. रस्त्यांची कामं करता करता परभणीत आला आणि ही बंद पडलेली टॉकीज त्यानं घेतली. समोरची दगडी कमान तशीच ठेवली होती, निजामाच्या राज्यात बांधलेली. वरची चंद्रकोर घासून पांढरी केली होती. नावही ठेवलं होतं, पुढं फक्त 'हॉटेल' लावलं. आत मात्र काहीच ओळखू येत नव्हतं. उतार भरून फरशी सपाट केली होती. जिथं नुसती उंच पोकळी होती तिथं एकावर एक मजले चढले होते.

"ह्यो कॉरिडॉर कुठून जायलाय, सांगा बरं," दुसऱ्या मजल्यावर परमेश्वर म्हणाला.

सिद्धोधननं मागं वळून पाहिलं. टोकाला भिंत होती. गिलाव्याखाली दोन चौकोनांच्या कडा दिसत होत्या. तो ऑपरेटर होता त्या प्रोजेक्टर केबिनची भोकं. एका मशीनचं एक, दुसऱ्याचं दुसरं.

म्हणजे उजेड जायचा तिथूनच हा रस्ता काढला होता. एकतीस वर्षं त्यानं या हवेतून उजेड पाठवला होता. एखादी चिमणी सोडली तर इथून कधी कुणी गेलं नव्हतं. आता तो स्वतः चालत होता. दुपारचे तीन वाजले होते, मॅटिनीची वेळ. त्याला वाटलं, आपल्या सदऱ्यावरून माणसं चालली आहेत, घोडे चालले आहेत, कुणाची तरी वरात चालली आहे. त्यानं हात पुढं धरला. हातावर काही नव्हतं. पाऊल मात्र हळूच पडत होतं, कारण सावली पडली तर खालून लोक ओरडायचे.

"काका, पाणी मागवू का?"

"नको. चल."

समोर, पडदा होता तिथं, आता खोल्यांची रांग होती. नायकाचं तोंड यायचं तिथं दोनशे बारा नंबरचं बाथरूम. परमेश्वरला ते फार आवडलं. त्यानं डायरीत लिहून घेतलं.

"एखादा हिरो आला असंल की इथं? ज्युबिलीला वगैरे?"

"न्हाई आला."

"निदान उतरला असंल. गाडी बदलायला. परभणी जंक्शन हाय, काका."

"उतरला असंल तर टेसनावर उतरला असंल. तिकडं बोर्ड लाव."

परमेश्वर हसला आणि तेही लिहायला लागला. मग थांबला.

दोनशे पाच नंबरच्या दारात सिद्धोधन उभा राहिला. आत पलंग, पांढरी चादर, भिंतीवर एसी. ही बाल्कनीची डावी बाजू. इथं जनाना होता. बायकांची बसायची जागा. मधे छातीएवढी भिंत आणि पुढं आडवा पडदा, सरकता, मळकट हिरवा. दिवे गेले की धम्मशीला पडदा सारायची, म्हणजे बायकांना खेळ दिसायचा आणि बायका कुणाला दिसायच्या नाहीत. इंटरव्हलला दिवे लागायच्या आधी पडदा परत ओढायचा. ते तिला कळावं म्हणून सिद्धोधन केबिनमधून बेल द्यायचा. एक बेल म्हणजे ओढ. मग तो दहा आकडे मोजायचा, मग दिवे.

केबिनच्या लहान खिडकीतून त्याला तिची पाठ दिसायची आणि अंबाडा. ती स्टुलावर बसायची. पुढं लाख गोष्टी चालायच्या, पण मान वळवून ती कधी मागं बघायची नाही. बघायची गरज नव्हती. बेल येणार हे तिला माहीत होतं.

"अन् दोन बेल म्हणजे?" परमेश्वरनं विचारलं.

"दोन बेल म्हणजे बायकांनी उठायचं."

हे परमेश्वरला कळेना, म्हणून त्याला बसून सांगावं लागलं. एकदा खेळ सुटताना जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि एका बाईचा हात मोडला. तेव्हापासून मालकांनी नियम केला. खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी जनाना रिकामा करायचा. बायका आधी, गडी मागून. गल्लीकडच्या दारानं त्या बाहेर पडायच्या. पोखर्णीच्या, बोरीच्या बायकांना एसटी गाठायची असायची, त्यांना ते सोयीचंच पडलं. पण शिव्या सगळ्याच द्यायच्या.

"म्हणजे शेवट बघायच्याच न्हाईत?"

"एकाही पिच्चरचा न्हाई."

"मग त्यांला कळायचं कसं?"

"पुढल्या बारीला आल्या की धम्मशीलाला इचारायच्या. ती सांगायची."

"पण बायकांला घेऊन काकूबी बाहेरच असायच्या ना? त्यांला कोण सांगायचं?"

"मी," सिद्धोधन म्हणाला.

परमेश्वरचा चेहरा उजळला. त्यानं तिथंच पलंगावर बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'जनान्याच्या डोअरकीपर धम्मशीलाबाई प्रत्येक पिच्चरचा खरा शेवट बायकांना सांगत असत.'

"त्यांचं नावबी येतंय बघा बोर्डावर. आता खूश?"

सिद्धोधननं मान हलवली. तिचं नाव यावं हे त्याला हवंच होतं. त्यासाठीच तो आला होता. पण 'खरा' हा शब्द त्याला खुपला.

कारण त्यानं तिला खरे शेवट सांगितलेच नव्हते.

सुरुवात झाली बैलगाडीच्या पिच्चरपासून. त्यांचा पहिला मुलगा सुगत नऊ महिन्यांचा होऊन गेला. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी नव्हता. महिनाभर धम्मशीला घरात बसली आणि मग स्वतःच कामावर आली. त्याच आठवड्यात एक जुना पिच्चर लागला, कुठून कुठून फिरून आलेला, जागोजागी जोड मारलेला. त्यात एक बाई तापानं फणफणलेलं पोर घेऊन बैलगाडीतून दवाखान्याला निघते. रस्ता लांब, मधे नदी. पोर झोपू नये म्हणून ती त्याला गोष्ट सांगत राहते. दोन बेल झाल्या तेव्हा गाडी नदीत होती.

शेवटच्या रिळात पोर गाडीतच जातं. आईला कळत नाही. ती गोष्ट सांगतच राहते.

खेळ सुटल्यावर दोघं पायी घरी निघाले. नेहमीसारखं तिनं विचारलं, "काय झालं मग?"

"वाचलं," तो म्हणाला.

ती तशीच चालत राहिली. त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली, महिन्याभरात पहिल्यांदा. ते त्यानं पाहिलं आणि पुढं तेच करत राहिला. मरणारे वाचले, तुटलेली लग्नं जुळली, आंधळ्यांना दिसायला लागलं. नंतर नीलम झाली, मोठी झाली, नांदेडला शिक्षिका झाली, तरी त्याची सवय सुटली नाही. आणि त्यानं जे सांगितलं ते धम्मशीला जनान्यात सांगत राहिली. सुरुवातीला काही बायका तिच्या माठातलं पाणी घ्यायच्या नाहीत, पिशवीत बाटली आणायच्या. शेवट मात्र त्याही तिच्याच तोंडून घ्यायच्या.

पुढं घरी टीव्ही आला. एखादा जुना पिच्चर लागला की सिद्धोधन शेवटच्या जाहिरातीला हळूच पत्र्यावर जायचा आणि अँटेना फिरवायचा. खालून ती म्हणायची, "मुंग्या आल्या हो." तो म्हणायचा, "वारं लय सुटलंय." ती म्हणायची, "बरं. या खाली, चहा झालाय."

शेवटी दवाखान्यात ती अकरा दिवस होती. त्यानं रोज ठरवलं, आज सांगू. तिला फसवून ठेवलं, आणि तिच्याकडून दुसऱ्यांना फसवलं. एवढं सांगून मोकळं व्हावं. तो उशाशी बसायचा, ती त्याच्याकडं बघायची. मग तो विचारायचा, "पाणी देऊ?" अकरा दिवस त्यानं तिला पाणीच विचारलं.

आता ते भिंतीवर लागणार होतं, तिच्या नावासकट.

*

रविवारी तीन वाजता कार्यक्रम होता. परमेश्वरनं रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवला होता, की ज्यांनी मेहताबला पिच्चर बघितलाय त्यांनी चहाला यावं. शंभरेक माणसं आली. खाली जिथं थर्ड क्लास होतं तिथं आता सोफे होते. म्हातारी माणसं त्यावर अंग चोरून बसली होती. एसीच्या गारव्यात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळे अधूनमधून वर बघत होते, जसं काही आता दिवे जाणार.

परमेश्वरनं बोर्डावरचं कापड काढलं आणि मोठ्यानं वाचलं. दगडी कमान आली, दोनशे बारा नंबरचं बाथरूम आलं. धम्मशीलाचं वाक्य आलं तेव्हा एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली.

"खरंय! खरंय! लय गुणाची बाई."

ती पोखर्णीची धुरपदाबाई होती. तिच्याशेजारी बोरीच्या गीताबाई बसल्या होत्या. दोघींची ओळख जनान्यातली, वर्षातून चार-सहा वेळा भेटायच्या. आज वीस-बावीस वर्षांनी भेटल्या होत्या आणि एकमेकींचा हात सोडत नव्हत्या.

"तिनंच सांगितलं व्हतं मला," धुरपदाबाई म्हणाली, "त्या बैलगाडीतलं पोरगं वाचलं म्हणून. आठ दिवस घास गेला नव्हता मला."

"कोणतं पोरगं?" पलीकडून तिचे यजमान तात्याराव म्हणाले. "नदीतल्या गाडीतलं? ते मेलं की."

"वाचलं."

"मेलं गं. माय गोष्ट सांगायलीय अन् ते कवाच मेलंय. मी सोता बगितलंय."

"तुमी झोपले असताल."

"थर्ड क्लासच्या बाकड्यावर? ढेकणं झोपू देत व्हते का?"

लोक हसले. तात्यारावांना चेव आला. "उगं हसू नका. खरं सांगायलोय. हिला कुणी सांगितलं वाचलं म्हणून?"

"बोर्डावर काय लिवलंय, वाचा की. धम्मशीलाबाईनं."

"मग ती खोटं बोलली," तात्याराव म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वाद जिंकायचा म्हणून बोलले.

धुरपदाबाईचा चेहरा एकदम लहान झाला. "ती खोटं बोलणारी बाई नव्हती," ती म्हणाली. मग तिला सिद्धोधन दिसला. "ऑपरेटर हितंच बसलेत की. त्यांलाच इचारा. भाऊ, तुमीच सांगा, वाचलं का न्हाई पोरगं?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. सिद्धोधन उठला. उठायची गरज नव्हती, पण तो उठला. एक शब्द पुरला असता. तात्याराव तोंडावर पडले असते, लोक हसले असते, बोर्ड राहिला असता. तो शब्द त्याला चांगला येत होता.

"मेलं," तो म्हणाला. "तात्यारावांचं बरोबर हाय. पोरगं गाडीतच जातंय."

तो धुरपदाबाईकडं वळला.

"पण माझी बायको खोटं बोलली न्हाई. मी तिला खोटं सांगितलं. तिनं मला इचारलं अन् मी वाचलं म्हणलं. तेच तिनं तुमाला सांगितलं. अन् तेवढंच न्हाई. लय पिच्चरचं तसंच केलंय मी. तुमाला जे जे चांगलं कळलं ते माझं हाय. तिला ठाऊक नव्हतं. जाऊस्तोवर मी तिला सांगितलं न्हाई." तो थांबला. "तिला खोटारडी म्हणू नका. मला म्हणा."

परमेश्वर आपल्या बोर्डाकडं बघत होता. तात्याराव खाली बघत होते. "जाऊ द्या हो," ते पुटपुटले, "पिच्चरच हाय."

धुरपदाबाईनं कपातला चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि पदरानं ओठ पुसले.

"त्ये गड्यांकडं मेलं आसंल," ती म्हणाली. "आमच्याकडं वाचलं."

"वाचलंच," गीताबाई म्हणाल्या. "न्हाई तर शाळंत कसं गेलं असतं?"

सिद्धोधन अजून उभाच होता. "शाळंत?" त्यानं विचारलं.

"आता हे बघा," गीताबाई म्हणाल्या. "तुमीच सांगितलं असंल की, अन् तुमीच इचारायलात."

"मी एवढंच म्हणलो. वाचलं. एकच शब्द."

दोघी बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"मला बी पयल्यांदा तेवढंच म्हणली," गीताबाई सावकाश म्हणाल्या. "मंग मी सा महिन्यानं आलते. माझ्या ध्यानात ते पोरगंच. म्हणलं, बाई, त्याचं पुढं काय झालं? तर म्हणली, चालायलंय आता. भिताडाला धरून धरून."

"दात उशिरा आले म्हणली," धुरपदाबाई म्हणाली. "खालचे दोन आधी. मी म्हणलं, आमच्या भागवतचं बी तसंच. मंग दर बारीला इचारायची मी. पिच्चर कोणता का लागंना. पयलं ते पोरगं कसंय सांग, मंग बसते."

"शाळंत घातलं तवा रडला न्हाई म्हणली."

"पाढे लवकर आले. अक्षर वंगाळ."

"कानामागं तीळ व्हता. उजव्या."

"डाव्या."

"उजव्या गं. मास्तरनं कान धरला तवा दिसला म्हणली न्हाई का."

सिद्धोधन खाली बसला. तो पिच्चर त्यानं स्वतःच्या हातानं चढवला होता, तुटला तेव्हा स्वतःच्या हातानं जोडला होता. त्याच्या कुठल्याही रिळात दात नव्हते, शाळा नव्हती. तीळ तर नव्हताच. काळा-पांढरा पिच्चर, पोर सगळा वेळ गोधडीत गुंडाळलेलं. सुगतला उजव्या कानामागं तीळ होता. अंघोळ घालताना ती तिथं बोट ठेवायची आणि म्हणायची, हितं मळ न्हाई, हितं तीट हाय.

त्याच्या एका शब्दावर तिनं पोर वाढवलं होतं. सतरा-अठरा वर्षं, त्या पडद्याआड, स्टुलावर बसून. तो मागच्या खिडकीतून तिची पाठ बघत होता तेव्हा पुढं ते पोर भिंतीला धरून चालत होतं. आणि खेळ सुटल्यावर पायी घरी येताना ती त्याला विचारायची, काय झालं मग. त्याचं ऐकून घ्यायची, आणि चहा ठेवायची.

"मंग पुढं?" त्यानं विचारलं. तो पुढं वाकला. त्यानं परत विचारलं. "पुढं काय झालं त्याचं?"

"बारावी झाला," गीताबाई म्हणाल्या. "मंग टाकीज बंद पडली. पुढलं न्हाई कळलं."

"तुमाला कवाच सांगितलं न्हाई तिनं?" धुरपदाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"आग बाई." ती सोफ्यावर सरकली आणि मधे जागा केली. "या हितं. बसा. पयल्यापून सांगते. हिला जे ठाऊक हाय ते ही सांगंल, मला ठाऊक हाय ते मी. अन् तुमी," ती नवऱ्याकडं वळली, "मधी बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलतोय," तात्याराव म्हणाले, आणि आपली खुर्ची जवळ ओढून बसले.

परमेश्वर पुढं आला. "काका, बोर्डाचं काय करू मग? तो शब्द काढू का ठेवू?"

"थांब जरा," सिद्धोधन म्हणाला.

तो दोघींच्या मधे जाऊन बसला. बाहेर ऊन होतं, पण काचांना पडदे होते आणि आत संध्याकाळसारखा उजेड होता. मागच्या सोफ्यावरची माणसंही बोलायची थांबली.

"तर गाडी निघाली नदीतून," धुरपदाबाई म्हणाली. "बैलं गळ्यापातूर भिजलेली. दवाखान्यापुढं आली तवा डागदर जेवायला बसला व्हता. तिनं नुसती हाक मारली. उठला की तो ताटावरून. हात बी धुतला न्हाई."